टोपीवाल्याचं पान

आमच्या घराण्यात एका माणसाला पाठ फिरवून जेवायला वाढतात. पान ठेवायचं, वळायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. घरी आल्यावर उंबऱ्याबाहेर पाय धुवायचे, मगच आत. पानात पाव, उकडलेलं अंडं, एक बिडी आणि झाकणभर दारू. त्यातलं घरच्या कुणी खायचं नाही. कुत्र्यानं खाल्लं तर खाल्लं.

हा माणूस म्हणजे महाळुंग्याला आमच्या जुन्या शेताच्या बांधावरचा दगड. त्याला शेंदूर नाही, फूल नाही. शेत कधीच गेलं, तिथं आता गाड्यांच्या सीटा बनवणारी कंपनी आहे. दगड मात्र कंपनीच्या भिंतीबाहेर, कंटेनर वळवायच्या जागेत, होता तिथंच आहे. ड्रायव्हर लोक त्याच्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतात. त्यांना तो फक्त दगड आहे. आमच्यासाठी तो 'टोपीवाला'. आषाढातल्या अवसेला त्याचं पान. आधी माझे चुलते ठेवायचे, ते गेल्यावर चुलतभाऊ ठेवतो. मी चिंचवडला फ्लॅट घेऊन पुढारलेला झालो, त्यामुळं ही कामगिरी माझ्याकडं कधी आली नाही.

टोपीवाला कोण, याचं उत्तर घरात एकच मिळायचं. पणजोबांच्या वडिलांच्या काळात पुण्याच्या छावणीतून एक गोरा शिपाई पळून आला आणि आमच्या गोठ्यात लपून राहिला. गोष्ट इथंच थांबायची. पुढचं आम्ही आमच्या डोळ्यांवरून लावून घेतलं. माझ्या वडिलांचे डोळे घारे, माझे घारे, माझ्या मुलीचे तर मांजरीसारखे. आता महाळुंग्यातल्या शेतकऱ्याच्या घरात असले डोळे येतील कुठून? शिपायाकडूनच. तेव्हा तो आमचा पूर्वज, हे कुणी न सांगता ठरलं. कामावरच्या कॅन्टीनमध्ये मी हे इतक्या वेळा सांगितलं, की लोक मला 'लॉर्डसाहेब, ताक घ्या' म्हणू लागले. एकदा तर परदेशातून आलेल्या ऑडिटरलाही सांगितलं. त्यानं माझ्या पोटाकडं आणि मिशीकडं बघितलं, आणि नम्रपणे पुढचा प्रश्न विचारला.

शिपायाची एक वस्तू घरात होती, पट्ट्याचं पितळी बक्कल. एकमेकांत अडकणारे दोन भाग, समोर तंबोऱ्यासारखं काहीतरी, आणि दोन्ही बाजूंना लाकडासारखे कडक झालेले चामड्याचे तुकडे. ते देव्हाऱ्यात कधी नव्हतं. गोठ्यातल्या कोनाड्यात असायचं. पुढं गोठ्याच्याच भाड्याच्या खोल्या झाल्या, कोनाडा मीटरबॉक्सशेजारी राहिला, आणि बक्कल कोनाड्यात. भाडेकरूंनी त्याला कधी हात लावला नाही. का, ते त्यांनाच माहीत.

मुलगी आणि जावई डब्लिनला नोकरी करतात. मुलगी पहिल्या बाळंतपणाला गणपतीच्या आधी घरी आली. तिला आराम सांगितलेला, आणि आराम करणाऱ्या माणसाइतकं धोकादायक कुणी नसतं. तिनं महाळुंग्याहून बक्कल मागवून घेतलं, दिव्याखाली धरलं आणि ओरडली, "बाबा, तंबोरा कसला? ही हार्प आहे! आयरिश पलटणींची खूण. तिकडं नाण्यावर असते ही."

मागच्या बाजूला ठोकलेला नंबर होता.

आता मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. आमच्याकडं प्रत्येक नगावर नंबर असतो. गाडी कुठंही बंद पडू दे, त्या नंबरावरून मागं मागं जायचं. कुठल्या मशीनवर बनला, कुठल्या शिफ्टला, माल कुणाचा. मग विचारायचं, का? उत्तर आलं की पुन्हा, का? पाचव्या 'का'ला मूळ सापडतं असा नियम आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधत आलो. पहिल्यांदाच नंबर माझ्या स्वतःच्या रक्ताचा होता. मी सुट्टी टाकली.

बापलेकीनं महिनाभर तेच केलं. पलटणींच्या हजेऱ्या, कुठली पलटण कधी पुण्यात होती, जहाजांच्या याद्या. बायको म्हणायची, "घरात डोहाळजेवणाची तयारी करायची का लढाईची?" शेवटी मुलीला तो सापडला, पळून गेलेल्या शिपायांना पकडण्यासाठी काढलेल्या सरकारी जाहिरातीत, त्याच नंबरासह. नाव मी इथं लिहीत नाही, त्याचीही माणसं आहेत. शिपाई. पश्चिम आयर्लंडातलं खेडं. आधीचा धंदा, शेतमजूर. केस काळे. डोळे तपकिरी. पुण्याच्या छावणीतून फरार. त्यापुढं काही नाही. तो पकडला गेल्याची नोंद नाही, परतल्याची नाही, मेल्याचीही नाही.

मुलीनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, डोळे तपकिरी लिहिलेत."

क्वालिटीत एक युक्ती असते. माल ड्रॉइंगच्या मापात नाही, पण गिऱ्हाईक दारात उभं आहे, तेव्हा एक कागद करून तो 'एवढ्यापुरता चालवून' घेतात. मी आयुष्यभर त्या कागदाविरुद्ध भांडलोय. त्या दिवशी म्हणालो, "तेव्हाच्या कारकुनाला अंधारात काय दिसलं असेल! चालवून घे."

तिनं चालवून घेतलं. एवढंच नाही, वंशावळींच्या कुठल्याशा साइटवर त्या शिपायाच्या बहिणीच्या वंशातली एक म्हातारी बाई शोधून काढली आणि तिला कळवून टाकलं, 'तो इथं सुखानं राहिला, संसार केला, आम्ही त्याचीच लेकरं. मला डिसेंबरात बाळ होणार आहे.' मी बक्कल चिंच लावून घासलं, मखमलीवर बसवून फ्रेम केली आणि हॉलमध्ये लावली. चामड्याचे तुकडे वाईट दिसत होते, कापणार होतो. बायको म्हणाली, राहू दे, जुनं दिसतं.

मग आला पितृपंधरवडा.

गावाकडं आमच्यात म्हाळ घालायचे म्हणजे खीर-वडे करायचे, विस्तवावर घास टाकायचा आणि भावकीला जेवू घालायचं. फ्लॅट घेतल्यापासून आमचं सगळंच रीतसर झालंय, त्यामुळं सर्वपित्रीला आळंदीहून गुरुजी येतात, मोटारसायकलवर. त्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं की यंदा एक नाव जास्त आहे.

गुरुजींनी कागदावरचं नाव दोनदा वाचलं. "गोत्र?"

"ते नाही हो माहीत."

"मग काश्यप म्हणायचं. ज्याला गोत्र माहीत नाही तो काश्यप." त्यांनी चष्मा पुसला. "पण यजमान, हे अंडं?"

"त्यांची आवड होती, गुरुजी."

"ते पान माझ्यापासून लांब ठेवा."

ठेवलं. म्हणजे इतकी वर्षं कंटेनरच्या चाकाशी असलेलं पान मी माझ्या हॉलमध्ये, माझ्या आजोबा-पणजोबांच्या रांगेत मांडलं, आणि एका पळपुट्या शिपायाला काश्यप गोत्रानं, तीनदा नाव घेऊन, हात जोडून घरात बोलावलं. या, बसा, जेवा. मला भरून आलं होतं, हेही सांगायला हवं. बायकोला वाटलं, धूर गेला डोळ्यात.

काकी, म्हणजे त्या चुलत्यांची बायको, महाळुंग्याहून जेवायला येणार होती. रिक्षा नाशिक फाट्याला अडकली म्हणून ती उशिरा पोचली. तोवर पानं गच्चीवर ठेवून झाली होती. आमच्या सोसायटीत कावळे कमी, कबुतरंच फार. पण एक कावळा आला. खिरीकडं बघितलं नाही, वड्याकडं बघितलं नाही. सरळ टोपीवाल्याच्या पानावर आला आणि अंडं उचलून गेला. मी टाळी वाजवली. मुलगी शेजारीच उभी होती. तिला बरेच दिवस तिकडच्यासारखा साधा पाव खावासा वाटत होता. तिनं त्या पानातला पाव उचलला, खिरीत बुडवला आणि खाल्ला.

"सगळ्या पितरांच्या पानातलं प्रसाद म्हणून खातोच की आपण," ती म्हणाली.

तेवढ्यात मागून काकीचा आवाज आला. जिना चढून तिला धाप लागली होती.

"हे पान कुनाचं मांडलंय?"

मी अभिमानानं सांगितलं.

काकीनं पानाकडं बघितलं, मग पोरीच्या हाताकडं, मग पोटाकडं. मग मला, त्रेपन्न वर्षांच्या माणसाला, म्हणाली, "आरं गाढवा. त्याला वाटंला लावायचं आसतं. घरात न्हाई बोलवायचं."

"अगं, पण आपला पूर्वजच ना तो!"

"त्येचं पान कुनी खाल्लं हुतं का आजवर? तुज्या बापानं खाल्लं? काकानं खाल्लं?" आणि मग पोरीला, अगदी हळू, "बाय, गिळलास का गं घास?"

"हो की, काकीआजी. काय झालं?"

"काय न्हाई," काकी म्हणाली, आणि जिन्यातच बसली.

त्या दिवशी ती महाळुंग्याला परत गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फ्लॅटच्या दाराबाहेर तिनं पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला. आत येणाऱ्यानं पाय धुवायचे. दूधवाल्यानं, जावयाच्या आईनं, कुरियरवाल्यानंसुद्धा. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, 'पॅसेजमध्ये ओल दिसते, संबंधितांनी नोंद घ्यावी.' मी काकीला म्हणालो, "तो आत आलाय म्हणतेस, मग बाहेर बादली कशाला?" तिनं माझ्याकडं बघितलं. "त्येच्या मागनं आनखी काय यायला नगं म्हनून."

त्यानंतर मी तिची थट्टा केली नाही.

मुलगी मात्र हसत होती. ती हसायची थांबली सोनोग्राफीच्या दिवशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ छान आहे, ठोके छान आहेत, फक्त उलटं बसलंय, पाय खाली. होतं असं, फिरेल अजून. घरी काकीनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "पायाळू. पाठ फिरवून बसलंय."

पुढच्या तपासणीला फिरलं नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही. एका सकाळी मुलगी म्हणाली, कालपासून हललं नाही. आम्ही हॉस्पिटलात धावलो. पोटाला मशीनचा पट्टा लावला, ठोके ऐकू आले, बाळ हललं. सगळं ठीक होतं. पण परत येताना गाडीत ती खिडकीकडं बघत म्हणाली, "बाबा, मी तो पाव खायला नको होता का?"

शिकलेली मुलगी. मीच शिकवलेली. मी म्हणालो, "वेडी आहेस का." माझाच आवाज मला पटला नाही.

दिवाळीच्या सुमाराला तिकडच्या म्हाताऱ्या बाईचं उत्तर आलं. मुलीनं वाचून दाखवलं. त्यांच्या घरात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांची एक रात्र असते. त्या रात्री दाराची कडी लावत नाहीत आणि टेबलावर एक ताट जास्त मांडतात. ते ताट हिंदुस्थानात गेलेल्या मुलाचं. त्याच्या आईनं सुरू केलं, मग बहिणीनं, मग तिच्या मुलीनं. त्याचं पुढं काय झालं, हे कुणालाच कधी कळलं नाही. 'तो तुमच्यात सुखी होता हे वाचून मी खूप रडले,' तिनं लिहिलं होतं. 'बाळाचे डोळे कसे आहेत ते नक्की कळवा. आमच्याकडं सगळ्यांचे गडद तपकिरी.'

काकीला मी ते मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तिकडं बोलवत हुते, आन् हिकडं आमी हाकलत हुतो." थोड्या वेळानं, "चल. जेनं आनला त्येनंच वाटंला लावायचा. बक्कल घे."

आम्ही दोघं दुपारी गेलो. फ्रेम फोडून बक्कल खिशात घेतलं. काकी स्कूटरवर मागं, मांडीवर पिशवी, पिशवीत पाव, अंडं, बिडी आणि दारूची लहान बाटली. पहिली शिफ्ट सुटत होती, कंपनीच्या बसगाड्या रस्त्यात आडव्या. दगडाशेजारी एक कंटेनर उभा होता, इंजिन चालू, आत कुणी नाही.

पान मी मांडलं. काकी मागून म्हणाली, "आता म्हन."

"काय म्हणू?"

"तुला न्हाई सांगितलं कुनी? पुरुषमानसानं मनात म्हनायचं आसतं." मग तिनंच म्हटलं, दगडाला, रागावलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. "घे. पोट भर. आन् हितंच ऱ्हा. आमच्या पोरांच्या वाटंला येऊ नगंस."

मी उभाच राहिलो. पूर्वजाला असं कुणी म्हणत नाही. पूर्वजाला आपण म्हणतो, पोरांवर लक्ष ठेव.

"काकी, हा आपला कोण?"

"मला काय ठावं? सासूनं शिकवलं तेवढं केलं. ती म्हनायची, दोन पिढ्या थोरलं पोर जगलं न्हाई, तवापासनं पान सुरू झालं."

मी खिशातून बक्कल काढलं. इतके दिवस ते माझ्या हॉलमध्ये होतं, पण बघितलं आत्ता, जसं कामावर तुटलेला नग बघतो तसं. आमच्या कामात तुटलेली कड आधी बघतात. झिजून तुटली तर पातळ होत जाते. ओढून तुटली तर दोरे निघतात. या चामड्याच्या दोन्ही कडा सरळ होत्या. कापलेल्या. आणि बक्कल बंद होतं, दोन्ही भाग एकमेकांत अडकवलेले. स्वतःचा पट्टा काढणारा माणूस आधी बक्कल सोडतो. ज्याला ते कसं सुटतं हे माहीत नाही, किंवा ज्याला घाई आहे, तो विळ्यानं पट्टा कापतो. आणि ज्याचा पट्टा दुसरं कुणी कापतं, तो माणूस त्या वेळी उभा नसतो.

का? शोधायला येणाऱ्या फौजेच्या भीतीनं? घरातल्या कुणा बाईवरून? की त्याच्या बुटांसाठी? पाचव्या 'का'पर्यंत मी पोचलो नाही. पहिल्याच 'का'ला दगड समोर होता, आणि मी त्या पानाशी, त्याला मारणाऱ्यांचे घारे डोळे घेऊन उभा होतो.

काकीनं माझ्या हातातलं बक्कल बघितलं. तिला किती कळलं, मी विचारलं नाही. "ठेव की हितं," ती म्हणाली.

"नको. त्याच्या घरी पाठवतो."

"लांब हाय?"

"लांब आहे."

"मंग पाठीव."

आम्ही वळलो. मागं कंटेनरचं दार आपटलं, तो रिव्हर्सला लागला, पिक पिक आवाज सुरू झाला, आणि मी न राहवून बघितलं. पाव होता. बिडी होती. अंडं नव्हतं. आजूबाजूला कुत्रं नव्हतं, कावळा नव्हता. काकीला सांगितलं नाही. तिनं सोसायटीच्या नळावर वॉचमनसमोर माझे पाय स्वतः धुतले, मी नको म्हणत असताना, दोनदा.

घरी मुलीनं विचारलं, "काय म्हणाले मग आपले आयरिश आजोबा?" मी म्हणालो, "जेवले." बाळंत होईपर्यंत तिला काही सांगायचं नाही हे मी स्कूटरवरच ठरवलं होतं. ते दिवस कसे काढले ते काढले. ती पोटावर हात ठेवून गप्प बसली, की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो.

बाळ फिरलं नाही. शस्त्रक्रिया करावी लागली. मुलगा झाला. पाय आधी बाहेर आले, मग बाकीचा. दोघंही सुखरूप. नर्सनं त्याला माझ्या हातात दिलं तेव्हा डोळे मिटलेले होते. तिसऱ्या दिवशी त्यानं ते नीट उघडले. गडद तपकिरी. आमच्या घराण्यात मला ठाऊक असलेले पहिलेच.

जावयाचे डोळे तसेच आहेत. देशातल्या बहुतेकांचे तसेच असतात. हे मला कळतं.

बाराव्या दिवशी मी मुलीला सगळं सांगितलं. बक्कल तिच्या हातात दिलं, कडा दाखवल्या. तिनं ते उलटंपालटं केलं. रडली नाही. म्हणाली, "तिला मी काय लिहून बसलेय, बाबा." मग बाळाला दूध पाजत, एका हातानं, तिनं त्या म्हाताऱ्या बाईला खरं ते लिहिलं. बक्कलाचे फोटो, दोन्ही बाजूंनी. बाळाच्या डोळ्यांचा रंग. मेसेज तिकडं वाचला गेल्याची खूण आली. उत्तर आलेलं नाही. रोज बघतो आम्ही.

त्याच संध्याकाळी काकी बाळाजवळ बसली होती. इतके दिवस तिनं त्याला जवळ घेतलं नव्हतं. अंगडी शिवली, शेक दिला, धुरी दिली, पण मांडीवर नाही. मी दारात होतो. बाळ तिच्याकडं एकटक बघत होतं. एवढ्या लहान मुलांना धड दिसत नाही म्हणतात. काकीही बघत होती. मग तिनं त्याला उचललं, तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि विचारलं, "आलास?"

बाळानं जांभई दिली.

"आलास तर आलास," काकी म्हणाली. "आता हितंच ऱ्हा."

मग त्याला माझ्याकडं देऊन ती उठली आणि दाराबाहेरची पाण्याची बादली आत घेऊन आली.